वळिवडे कॅम्प: परत जायचं, पण कुठं?

मिरजेहून कोल्हापूरला येताना रुकडी सुटलं की वळिवडे लागतं. 1943 मध्ये पोलंडची माणसं इथं राहायला आली. सुमारे 5 हजार, बहुतेक बायका-मुलं.

(नकाशा: पूर्व पोलंड)

यांची गावं ही. 1939 मध्ये हा भाग सोव्हिएत संघानं बळकावला. 10 फेब्रुवारी 1940 ला सोव्हिएत पोलिसांनी पहिली मोठी धरपकड केली. जून 1941 पर्यंत आणखी तीनदा. मालगाडीचे डबे, सायबेरिया, कझाकस्तान. हिटलर रशियावर चालून गेला तेव्हा सुटका झाली. मग सोव्हिएत संघात सुटलेल्या पोलिश लोकांतून उभ्या राहिलेल्या जनरल अँडर्सच्या फौजेबरोबर 1942 मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराण, पुढं कराची, आणि ह्या बराकी.

(जुने फोटो: शाळा, चर्च, स्काउट पथक)

युद्ध संपलं. आता तुम्ही घरी जाणार, असं सगळे धरून चालले. पण 1945 च्या याल्टा परिषदेत दोस्त राष्ट्रांनी ठरवलेली ही सरहद्दीची रेघ बघा. तिच्या पूर्वेचं ल्वूफ, विल्नो सोव्हिएत संघात गेलं. म्हणजे पोलंडला परतलं तरी आपलं गाव नाहीच; मिळणार व्रोत्सवाफसारख्या शहरात, जर्मनांना बाहेर काढून रिकामं झालेलं कुणाचं तरी घर. त्यात जुलै 1945 मध्ये ब्रिटननं वॉर्सातल्या नव्या, सोव्हिएत पाठबळाच्या सरकारला मान्यता दिली, आणि युद्धकाळात परागंदा होऊन लंडनमध्ये असलेलं पोलिश सरकार, ज्याला ही माणसं आपलं मानत, मान्यतेवाचून राहिलं.

मग बायका काय बघायच्या? आधी, घरातला पुरुष कुठं आहे. नवरा किंवा मुलगा अँडर्सच्या फौजेत इटलीत लढलेला असेल, तर 1946 पासून ती फौज ब्रिटनमध्ये नेली जात होती. 1947 च्या पुनर्वसन कायद्यानं तिथं राहायची सोयही झाली. फौजेत कुणी नसेल तर वाट अरुंद. दुसरं, पोलंडहून आलेलं पत्र. ते सेन्सॉरमधून यायचं, त्यामुळं काय लिहिलंय यापेक्षा काय गाळलंय ते आधी वाचायचं. पत्ता बदलला असेल तर तोही निरोपच.

1947 मध्ये आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेनं निर्वासितांचा कारभार घेतला. तिच्या नियमात, परत न जाणाऱ्याला 'सबळ हरकत' दाखवावी लागे: छळाची रास्त भीती, किंवा संघटनेला पटेल असा राजकीय आक्षेप. सायबेरियाहून आलेल्या बाईनं भीतीचं कारण द्यायचं! कागदाची तऱ्हाच अशी.

1948 पर्यंत कॅम्प रिकामा झाला. कुणी ब्रिटनला, कुणी पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत, तिथून पुढं, पोलंडला थोडेच.

(गांधीनगर, आजचं)

कॅम्पची जागा म्हणजे हे गांधीनगर. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले. ह्यांची घरं कराची, शिकारपूरकडं. मागं राहिलेली मालमत्ता पाकिस्तानातल्या कस्टोडियनच्या, म्हणजे सोडून गेलेल्यांची मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, ताब्यात. इथं 1950 च्या कायद्यानं दावे भरायचे: काय होतं, कुठं होतं, पुरावा काय. पुरावा बहुतेकदा त्या घरातच राहिलेला. भरपाईचा कायदा आला 1954 मध्ये.

तोवर दुकानं उघडली होती. त्यांतूनच ही कापडपेठ उभी राहिली.