वेबसाइट कुणाची, हे कुणाला कशाला हवंय?

(दृश्य: गोवा, मांद्रे. होमस्टेचा व्हरांडा. ताई जुनी डायरी उघडतात, बोट एकेका नंबरवरून खाली सरकतं.)

ही डायरी नीट बघा, ह्यात पाहुण्यांची बुकिंगं नाहीयेत. हे सगळे नंबर त्या लोकांचे ज्यांनी ताईंना फोन करून विचारलं, मॅडम वेबसाइट बनवून देऊ का. ताईंचं मांद्र्याला छोटंसं होमस्टे, माडांच्या मधे, आणि २०१७ साली त्यांनी भाच्याला सांगून एक डॉट कॉम नाव बुक करून घेतलं. फॉर्मवर जे जे विचारलं ते सगळं खरं भरलं, नाव, घरचा पत्ता, मोबाइल, सगळं. रात्री नाव बुक झालं आणि दुसऱ्या दिवशी पेजेच्या वेळेला पहिला फोन. मग दुसरा. मग लोगोवाला, मग ॲपवाला, मग गुगलमध्ये पहिल्या नंबरावर आणून देणारा. ताई नंबर लिहून ठेवायला लागल्या कारण तोच माणूस नाव बदलून परत फोन करायचा.

हे पान बघा. "लोगो, परत." खाली, "लोगो, परत परत."

नंतर एक ईमेल आली, दिसायला अगदी बिलासारखी, डोमेनची, म्हणजे त्या बुक केलेल्या नावाची, मुदत संपतेय, लगेच पैसे भरा. ज्या कंपनीकडून नाव घेतलं तिची ती नव्हतीच. भाच्याने बघितली म्हणून ताई वाचल्या.

(दृश्य: काळी स्क्रीन. कुणीतरी एक वेबसाइटचं नाव टाइप करतं. एंटर. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर खाली येतात.)

तर हा नंबर त्यांना मिळाला कुठून? कुणी हॅक बिक काही केलं नाही. तो उघडाच होता. ह्याला म्हणतात हू-इज. तेव्हा वेबसाइटचं नाव टाकलं की ते कुणाच्या नावावर आहे ते समोर यायचं, मालकाचं नाव, रस्ता, गाव, पिनकोड, फोन, ईमेल. लॉगिन नाही, फी नाही, का बघताय असं विचारणारं कुणी नाही. आणि ताईंनी फॉर्म भरताना हे कुठे लिहिलं होतं? लिहिलं होतं, अटींमध्ये. अटी कोण वाचतो.

(दृश्य: जुने कॉम्प्युटर, टेलिप्रिंटर, कागदाच्या गठ्ठ्यांचे फोटो. मग नकाशावर कॅलिफोर्निया.)

आता जरा मागे जाऊया, कारण ही पद्धत कुणी वाईट हेतूने काढलेली नाही. इंटरनेटच्या आधी अर्पानेट होतं, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशांवर चालणारं, त्यावर मोजकी विद्यापीठं, लॅब आणि लष्करी ठिकाणं. त्या जाळ्याची चौकशीची खिडकी होती कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, आणि ती १९७२ पासून १९८९ पर्यंत एक बाई चालवत होत्या, एलिझाबेथ फाइनलर. कोणतं मशीन कुठे आहे, त्याच्यावर कोण काम करतं, ते ह्यांना विचारायचं. आधी छापील डिरेक्टरी होती, टेलिफोनच्या डिरेक्टरीसारखीच जाडजूड, मग लोक वाढले आणि छापलेलं पान हातात येईपर्यंत जुनं व्हायला लागलं म्हणून तीच माहिती मशीनवर ठेवली. आपण आज डॉट कॉम, डॉट ऑर्ग म्हणतो ना, ती शेपटं ठरवण्यातसुद्धा ह्याच ग्रुपचा हात होता.

मार्च १९८२ मध्ये ह्या सेवेचा नियम कागदावर आला, आरएफसी ८१२. दोन-तीन पानांचा मामला. त्यात म्हटलंय की ह्या जाळ्यावर ज्याचं ज्याचं खातं आहे त्याने आपलं नाव नोंदवावं, पूर्ण नाव, टपालाचा पत्ता, फोन, मेलबॉक्स. का? तर एखादं मशीन बिघडलं, चुकीचा ट्रॅफिक सोडायला लागलं, तर समोरच्याला फोन करता आला पाहिजे, बाबा रे तुझं मशीन बघ. एवढंच. लोक एकमेकांना ओळखत होते, निदान एकमेकांच्या साहेबांना तरी ओळखत होते. पहिलं डॉट कॉम नाव नोंदवलं गेलं ते मार्च १९८५ मध्ये, म्हणजे हा नियम तीन वर्षांचा झाल्यावर. दुकानं, होमस्टे, भांडणं, दलाल, ह्यातलं काही तेव्हा तिथे नव्हतंच.

पुढे बाजार आला, नियम मात्र तोच राहिला. १९९८ मध्ये आयकॅन नावाची संस्था झाली, नावांचा सगळा कारभार तिच्याकडे, आणि तिने नावं विकणाऱ्या कंपन्यांशी जो करार केला त्यात गिऱ्हाइकाची माहिती उघडी ठेवणं सक्तीचं. नुसतं उघडी नाही, ऐका. सगळीच्या सगळी यादी एकगठ्ठा कुणाला हवी असेल तर कंपनीने ती द्यायची, आणि त्यासाठी वर्षाला जास्तीत जास्त १० हजार डॉलर घ्यायचे, असं त्या जुन्या करारात कलमच होतं. म्हणजे लोकांच्या फोननंबरांचा भाव ठरलेला होता! २०१३ च्या नव्या करारात ती सरसकट सक्ती गेली. तोपर्यंत कुणी कुणी काय काय उचलून ठेवलं असेल ते असेल.

(दृश्य: पेडणे. मामलेदार कचेरीबाहेर फायली घेऊन उभी माणसं. एकाच्या हातात फॉर्म एक-चौदाची झेरॉक्स.)

शूटिंग करताना आम्हाला एका गृहस्थांनी विचारलं, आणि प्रश्न चांगला होता, की जमिनीच्या एक-चौदावर, म्हणजे गोव्याच्या सातबारावर, नाव असतंच ना, कुणीही सर्वे नंबर टाकून बघतो, मग वेबसाइटवर का नको? बरोबर आहे. पण त्या कागदाकडे बघा. कब्जेदाराचं नाव आहे, कूळ आहे, पीक काय ते आहे. त्या नावावरच हक्क उभा असतो, ते झाकलं तर उद्या कुणीही येऊन जमीन विकेल, आणि गोव्यात हे मुद्दाम सांगायला नको. पण त्या कागदावर तुमचा मोबाइल नंबर आहे का? तुमची ईमेल आहे? एक-चौदासुद्धा जे करत नाही ते हू-इज करत होतं, आणि ते जगातल्या कुठल्याही माणसासाठी.

(दृश्य: म्हापसा. शुक्रवारचा बाजार, चोरीसच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, माळा, केळी, मिरची. कॅमेरा वर जातो, पहिल्या मजल्यावरचं छोटं ऑफिस, दोन स्क्रीन.)

बाजाराच्या वरच हे ऑफिस. हा पोरगा गेली काही वर्षं दुकानांच्या, क्लिनिकच्या, देवस्थानांच्या वेबसाइट करून देतो. त्याला म्हटलं दाखव, आज काय दिसतं.

पहिलं नाव टाकलं. मालकाच्या जागी एका कंपनीचं नाव, पत्ता रेक्याविक, आइसलँड. गिऱ्हाईक कोण, तर म्हापशातला बेकरीवाला. आता काढा शोधून. बेकरीवाल्याला आइसलँड कुठे आहे हे माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. ह्याला प्रायव्हसी सर्व्हिस म्हणतात, म्हणजे तुमच्या नावाच्या जागी कंपनी आपलं नाव पुढे करते, पत्र आलं तर पुढे पाठवते. अमेरिकेत २००२ पासून हा धंदा चालू आहे, आधी वेगळे पैसे पडायचे, आता बऱ्याच ठिकाणी फुकट. एक गोष्ट मात्र नीट वाचून घ्या, काही सेवांमध्ये कागदावर मालक तुम्ही नसता, ती कंपनी असते, तुमचा तिच्याशी फक्त करार. २००७ मध्ये अमेरिकेतली नावं विकणारी रजिस्टरफ्लाय कंपनी बुडाली तेव्हा ह्यामुळे लोकांचे हाल झाले होते.

दुसरं नाव टाकलं. इथे कंपनी वगैरे नाही, नुसतं लिहिलंय, गोपनीयतेसाठी झाकलंय. हे आलं युरोपमुळे. २५ मे २०१८ ला युरोपचा जीडीपीआर कायदा लागू झाला, माणसाची माहिती अशी चव्हाट्यावर ठेवली तर मोठा दंड, आणि आयकॅनची धावपळ झाली. कायदा लागू व्हायच्या जेमतेम आठवडाभर आधी त्यांनी तात्पुरता नियम काढला. वर जर्मनीत एका कंपनीवर केस घातली की तू पूर्वीसारखीच सगळी माहिती गोळा कर, तर बॉनच्या कोर्टाने त्याच महिन्यात आयकॅनची मागणी फेटाळली. तेव्हापासून काही कंपन्यांनी जगभरच्या गिऱ्हाइकांचं नाव झाकलं, काहींनी फक्त युरोपवाल्यांचं, आणि आपल्याकडचे लोक त्यानंतरही फोन घेत बसले. २८ जानेवारी २०२५ पासून तर डॉट कॉम, डॉट ऑर्ग सारख्या नावांसाठी जुनं हू-इज चालवणं सक्तीचं राहिलं नाही, त्याच्या जागी आरडॅप आलंय, ज्यात कुणाला किती दाखवायचं ते ठरवता येतं.

(दृश्य: स्क्रीनचा क्लोजअप. "स्टेट: गोवा. कंट्री: आयएन.")

तिसरं, आपलं डॉट इन. हे निक्सीकडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे. डॉट इनला त्या आइसलँडसारखा मुखवटा घेता येत नाही, मनाई आहे. पण निक्सी स्वतःच नाव, पत्ता, फोन झाकते. राहतं काय, राज्य आणि देश. उत्तर प्रदेशातल्या माणसाला त्याने काय फरक पडतो, कोट्यवधीतला एक. गोव्यात वेबसाइटचा विषय कोकणी भाषेतल्या पाककृती आणि राज्य गोवा एवढं कळलं तरी चार जण लगेच म्हणतात, अरे हा तर तोच!

पोरगा अजून एक दाखवतो. संस्था असा एक रकाना असतो, ऑर्गनायझेशन. लोक तिथे रिकामं कशाला सोडायचं म्हणून आपलंच नाव टाकतात, आणि नाव झाकलेलं असूनही संस्थेच्या ओळीत ते उघडं दिसू शकतं. हे बघा, हे एक क्लिनिक, डॉक्टरांचं नाव आम्ही ब्लर केलंय. त्यांना कळवलंय.

(दृश्य: डिचोली तालुका. पाऊस. पाठमोरा माणूस, खिडकीपाशी लॅपटॉप. फक्त हात दिसतात. टेबलावर राजपत्राच्या प्रती, पिवळ्या मार्करने आखलेल्या.)

ह्यांचा चेहरा आम्ही दाखवत नाही आणि आवाजही बदललाय. हे एक वेबसाइट चालवतात, मराठीत. त्यावर मतं नाहीत, घोषणा नाहीत. २०२३ मध्ये टीसीपी कायद्यात, म्हणजे गोव्याच्या नगर नियोजन कायद्यात, कलम १७(२) आलं, मग २०२४ मध्ये ३९ अ, आणि कुठल्या गावातला कुठला सर्वे नंबर शेतीचा किंवा बागायतीचा बदलून सेटलमेंट, म्हणजे बांधकामाचा, होतोय ह्याच्या नोटिसा राजपत्रात यायला लागल्या. राजपत्र सरकारीच, सगळ्यांसाठी खुलं, पण ते गावात वाचतं कोण. हे ते वाचतात आणि गावाप्रमाणे लावून ठेवतात. बस्स. हात बघा, एकेक ओळ पट्टी लावून वाचतायत.

नाव झाकायची गरज काय, तर गाव लहान. ज्याची जमीन बदलतेय तो ओळखीचा, घेणारा दलाल ओळखीचा, पंच चुलत्याच्या नात्यातला. इथे आडनाव सांगितलं की वाडा कळतो. चूक काढायची असेल तर वेबसाइटवर ईमेल आहे, लिहा, त्यांनी दुरुस्त्या केल्याही आहेत. पण कुणी लिहिलंय हे कळलं की काय लिहिलंय हे कुणी वाचत नाही, हे आमचं मत, ह्या फिल्ममध्ये आम्ही ते लपवलेलं नाही.

आणि ह्यांचं पहिलं डोमेन हे नव्हतं बरं का. आधी त्यांची एक वेबसाइट होती जत्रेला, काल्याला होणाऱ्या मराठी नाटकांची, फोटो, नटांची नावं, जुन्या हँडबिलांचे स्कॅन. सुंदर होती. ती २०१८ च्या आधीची, त्यामुळे सगळं उघडं, आणि फोन दिलेला घरचा लँडलाइन, जो आई उचलते. आता ती माहिती झाकून उपयोग नाही, कारण हू-इजच्या जुन्या नोंदी साठवून ठेवणाऱ्या कंपन्या आहेत, आज पडदा ओढला तरी कालचा फोटो त्यांच्याकडे असतो, आणि एका ईमेलवरून त्या माणसाची बाकीची सगळी डोमेनं काढता येतात. म्हणून जमिनीच्या साइटसाठी त्यांनी नवीन नाव घेतलं, नवीन ईमेलवर, पहिल्या दिवसापासून झाकलेलं, जुन्याशी कुठलीही लिंक नाही. माहिती मात्र कंपनीला खरीच दिली. खोटं नाव टाकलं तर डोमेनच काढून घेऊ शकतात, आणि ईमेलची खात्री १५ दिवसांत केली नाही तरी साइट बंद पडू शकते.

(दृश्य: पणजी. पावसात न्यायालयाची इमारत, छत्र्या.)

झाकलेल्या नावामागे चोरही लपतात, ते खरंच आहे. बँकांच्या, ब्रँडच्या नावाने खोट्या साइट काढून लोकांना लुटतात आणि फिर्यादीत नाव कुणाचं घालायचं हेच कळत नाही. आपल्या कोर्टांनी त्यावर गंमतशीर तोडगा काढलाय, अनोळखी आरोपीचं नाव अशोक कुमार. दिल्ली हायकोर्टातली डाबर विरुद्ध अशोक कुमार ही केस अशाच खोट्या डोमेनांवरून उभी राहिली. खऱ्या अशोक कुमारांनी काय करायचं ते विचारू नका. तर चोर पकडायचे असतील तर कोर्टाचा हुकूम आहे, पोलिसांचं पत्र आहे, नोव्हेंबर २०२३ पासून आयकॅनने माहिती मागायची एक सोयही चालू केलीय. कागद दाखवा, कारण सांगा, नाव मागा. मांद्र्याच्या ताईंना लोगो विकणाऱ्याकडे ह्यातलं काही नव्हतं.

(दृश्य: परत डिचोली. राजपत्राची पुढची प्रत उघडतात, मार्करचं झाकण काढतात.)

आम्ही ह्यांना विचारलं, उद्या कुणी कोर्टातून नाव काढलंच तर? मार्कर चालूच होता, वर न बघता म्हणाले, "नोटीस आयली जाल्यार हांव वतलों. पूण आवयक फोन नाका." (सबटायटल: नोटीस आली तर मी जाईन. पण आईला फोन नको.)