रक्त गोठलं का, हे ध्वनिलहरींना विचारायचं

नमस्कार मंडळी. हा गंज बघा. रात्री दुधाला विरजण लावलं होतं. दही लागलं का, हे आपण कसं बघतो? बोट घालत नाही, मोडेल ना ते! बाजूनं हलकी टिचकी मारतो आणि कसं हलतं ते बघतो. दूध असलं तर लपलपतं. दही लागलं असलं तर एकदा थरथरतं अन् थांबतं. विषय रक्ताचा आहे, पण हा गंज मी समोरच ठेवणार आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात, एका ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. सोयाबीन कापणी सुरू झाली की सापाचे पेशंट येतात. घोणस, म्हणजे आपली परड, चावली की तिचं विष रक्त गोठवणाऱ्या घटकांना, विशेषतः दहाव्या आणि पाचव्याला (या घटकांना नंबरच दिलेले आहेत), उगाच कामाला लावतं. अंगात नको तिथं बारीक बारीक गोठणं सुरू होतं आणि त्यात फायब्रिनोजेन नावाचं रक्तातलं प्रथिन संपून जातं. गुठळीचं जाळं विणायला सूतच उरत नाही. मग हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचल्या जागेतून रक्त थांबत नाही.

हे ओळखायला आमच्याकडं २० मिनिटांची टेस्ट असते. शिरेतलं २ मिली रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये घ्यायचं, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग आडवी करून बघायचं. रक्त वाहिलं तर एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, सुरू. ट्यूब काचेचीच हवी, कारण काचेला लागूनच गोठणं सुरू होतं. प्लास्टिकवर भरवसा नाही. साबणानं धुतलेली ट्यूबही नको. चांगलं रक्तसुद्धा त्यात गोठत नाही आणि आपण फसतो. नव्या मुलांना हे मी दहादा सांगते.

मागच्या कापणीत एक बाई आल्या, घोट्याला चावा. ट्यूब स्टँडमध्ये लावली. त्यांचा मुलगा दर दोन मिनिटांनी दारात येई. "गोठलं का जी, मॅडम?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. २० मिनिटांनी मिळालं तेही "नाही" एवढंच. किती कमी, कशामुळं कमी, हे ट्यूब सांगत नाही.

आता टिचकीकडं येऊ. सोनोग्राफीचा आवाज २०,००० हर्ट्झच्या वरचा, कानाला न ऐकू येणारा. तो नुसता प्रतिध्वनी देत नाही, जिथं आदळतो तिथं अगदी हलका धक्काही देतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी हाच धक्का कामाला लावला. छोट्या डबीतल्या रक्तावर ध्वनीचा ठोका मारायचा, ते केसाच्या जाडीहूनही कमी हलतं, आणि लगेच प्रतिध्वनीवरून कसं हलतं ते मोजायचं. पातळ रक्त सैल हलतं. जाळं विणलं जाऊ लागलं की थरथर बदलते, आणि तिच्यावरून गुठळी किती घट्ट, हे आकड्यात निघतं. हा आकडा दाबाच्या एककात, हेक्टोपास्कलमध्ये देतात.

घट्टपणा मोजायची कल्पना जुनीच आहे. १९४८ मध्ये जर्मनीत हेल्मुट हार्टर्ट यांनी डोलणाऱ्या कपात रक्त ठेवून आत टांगलेली पिन किती ओढली जाते, ते टिपलं होतं. पण पिन म्हणजे दह्यात चमचाच; कोवळी गुठळी तिनं मोडू शकते. ध्वनीचा धक्का इतका बारीक की जाळं शाबूत राहतं. मला यातलं हेच फार आवडतं.

अशा एका ध्वनीच्या यंत्राला अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०१९ मध्ये परवानगी दिली, मोठ्या शस्त्रक्रियांसाठी. साधारण पाव तासात निकाल मिळतो. गुठळी घट्ट करण्यात प्लेटलेट्स या रक्तातल्या बारीक पेशींचाही हात असतो. यंत्राच्या एका कप्प्यात त्यांना औषधानं गप्प करतात, म्हणजे उरलेली घट्टाई फायब्रिनोजेनची. प्लेटलेट्स द्यायच्या की फायब्रिनोजेन, हे तिथं उमगतं. बाळंतपणात रक्त थांबत नसेल, तेव्हाही हाच प्रश्न असतो.

दोन गोष्टी स्पष्ट करते. पोटावर फिरवतात ती सोनोग्राफी हे काम करत नाही. आणि पायातली गुठळी शोधणारी डॉप्लर तपासणीही वेगळी. सापाच्या पेशंटला आपल्याकडं आजही काचेचीच ट्यूब. साप चावला तर दोरी बांधू नका, कापू नका, चावल्याची वेळ लक्षात ठेवा आणि सरळ दवाखान्यात आणा.

त्या बाईंची दुसरी ट्यूब सहा तासांनी, पहाटे आडवी केली. थोडं ओघळलं, तळाशी काहीतरी धरून होतं. हे "हो" की "नाही"? त्या क्षणी मला घट्टपणाचा एक आकडा हवा होता. डॉक्टरांनी "नाही" धरलं आणि एएसव्हीचा पुढचा डोस दिला. दुपारची ट्यूब मी मुलासमोर उलटी केली. एक थेंबही हलला नाही. त्यानं वाकून खालून पाहिलं, मग आईकडं पळाला.