शब्द अडतो तेव्हा घरात काय होतं

नमस्कार, श्रोतेहो.

चार वर्षांचं पोर "आ-आ-आई" म्हणत अडखळतं आणि घर हलतं. आजी वेखंड उगाळायला घेते. बाबा म्हणतात, "घाई कशाला? नीट बोल." पाहुण्यांनी नाव विचारलं की थोरली ताईच सांगून मोकळी होते. हे सगळं मायेपोटीच, पण मुलाला एवढंच कळतं की आपण तोंड उघडलं की घरच्यांचे चेहरे बदलतात. मग ते बोलणंच टाळू लागतं.

सर्वात जास्त भोगते ती आई. "तूच रागावली असशील", "टीव्ही लावून देतेस ना", असलं काहीबाही तिला ऐकावं लागतं. गेल्या शतकात अमेरिकेतल्या वेंडेल जॉन्सन या अभ्यासकानंही दोष पालकांच्या धास्तीवर ठेवला होता. ते मत पुढे टिकलं नाही. बोलण्याचा ताळमेळ राखणाऱ्या मेंदूच्या कामात फरक असतो आणि बऱ्याचदा तो आनुवंशिक असतो, हे आज आपल्याला माहीत आहे. तेव्हा आयांनो, हा अपराध तुमचा नाही.

आणि वडिलांचा राग? मला तर त्यामागे भीती दिसते. कित्येक बाबा स्वतः लहानपणी अडखळलेले असतात. वर्गात हजेरी देताना "हजर" हा शब्द घशात अडकलेला त्यांना आठवतो. तेच मुलाच्या वाट्याला येऊ नये म्हणून ते ओरडतात. त्यापेक्षा एकदा त्याला जवळ घेऊन सांगा ना, "मलाही असं व्हायचं." हे ऐकायला ते पोर आसुसलेलं असतं.

आरती किंवा सर्वांबरोबर पाढे म्हणताना हेच मूल सहसा अडखळत नाही. त्यावरून "नाटकं करतोय" म्हणू नका. सुरात आणि एकत्र म्हणताना शब्द सुटतात, हा या अडचणीचा स्वभावच आहे.

शंभरातली साधारण पाच मुलं दोन ते पाच वर्षांच्या वयात अशी अडखळतात आणि त्यातली बहुतेक पुढे सुरळीत बोलू लागतात. तोवर त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्या. काय सांगतोय त्याला उत्तर द्या, कसं सांगतोय त्याला नको. सहा महिन्यांनंतरही अडखळणं राहिलं, किंवा मूल बोलायलाच कचरू लागलं, तर स्पीच थेरपिस्टकडे जा. मुंबईत वांद्र्याला बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या अडचणींवर काम करणारी 'अली यावर जंग राष्ट्रीय संस्था' आहे. आणि बाबांनो, आईला एकटीला पाठवू नका. एवढ्या लहान मुलांच्या बाबतीत बरंचसं शिकायचं असतं ते आईवडिलांनीच.