करंगळीमागचे हाड

[दृश्य: भुसावळ, पहाट. रेल्वे वसाहतीतील सिमेंटचे मैदान. फक्त चेंडूचा आवाज.]

मे महिन्यात भुसावळचे सिमेंट सकाळी नऊच्या आतच तापते, म्हणून येथील बास्केटबॉलचा सराव साडेपाचला सुरू होतो. समोर खेळणाऱ्या मुलांच्या हातांकडे सगळेच पाहतात. आपण थोडा वेळ त्यांच्या पायांकडे पाहू. उडी घेऊन खाली येणारा खेळाडू पुष्कळदा एकाच पायावर उतरतो, उतरता उतरताच दिशा बदलतो, आणि त्या वळणाचा भार तळव्याच्या बाहेरच्या कडेवर येतो. करंगळीपासून मागे जाणारे जे लांबट हाड आहे, त्या पाचव्या मेटाटार्सलला हा भार सरावाच्या प्रत्येक दिवशी पुन्हा पुन्हा सोसावा लागतो.

कडेला खुर्चीवर बसलेला, डाव्या पायात गुडघ्यापर्यंतचा बूट घातलेला साडेसहा फुटी तरुण याच मैदानावर तयार झाला आणि आता बाहेरगावच्या एका व्यावसायिक संघाकडून खेळतो. मार्चमध्ये रिबाउंड, म्हणजे कडीवरून परत आलेला चेंडू, घेऊन उतरताना त्याच्या पायात कळ गेली. त्याआधी तीन आठवडे त्याच जागी बारीक ठणका होता, ज्याकडे त्याने लक्ष दिले नव्हते. तो घरी आला तेव्हा शेजारच्या आजींनी "पाय मुरगयना व्हई" असे निदान केले, तेल लावून पाय चोळला गेला, आणि त्या चोळण्यात आठ दिवस गेले. आपल्याकडे मुरगळलेला पाय आधी चोळणाऱ्याकडे जातो आणि मग एक्स-रेकडे. हा क्रम उलटा असायला हवा.

[दृश्य: प्रकाशपेटीवर लावलेला एक्स-रे. डॉक्टरांचे बोट एका बारीक रेषेवर.]

ही रेषा केसाएवढी आहे, पण ती नेमकी कोठे आहे याला महत्त्व आहे. या हाडाला एक रक्तवाहिनी मधल्या दांड्यातून मिळते आणि काही बारीक वाहिन्या मागच्या टोकाकडून येतात. दोन्हींच्या मधला थोडासा भाग दोन्हीकडून कमी पडतो. गिरणेच्या पाटावर शेती करणाऱ्याला हे अधिक समजावण्याची गरज नाही: हे टेलचे, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाचे, शेत आहे, येथपर्यंत पाणी पोचेलच याचा भरवसा नसतो. या मोडीला वैद्यक जोन्स फ्रॅक्चर म्हणते. रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश शल्यविशारदाने 1902 मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्यांतला एक रुग्ण तो स्वतःच होता. त्याचा पाय मैदानावर नव्हे, नाचताना मोडला होता.

[दृश्य: शस्त्रक्रियागृह. टेबलाच्या बाहेर आलेली रुग्णाची पावले, खाली ठेवलेले जादा स्टूल.]

पुढील दृश्ये रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या संमतीने चित्रित केली आहेत. केवळ प्लास्टर घालूनही हे हाड जुळू शकते, परंतु त्यास वेळ फार लागतो आणि न जुळण्याचा धोका राहतो, म्हणून व्यावसायिक खेळाडूंच्या बाबतीत बहुधा स्क्रूचा मार्ग निवडला जातो. पायाच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या मागच्या टोकाच्याही थोडे मागे, लहानसा छेद घेतला आहे. येथून जाणारी संवेदनेची नस जपून बाजूला ठेवली जाते, कारण तिला धक्का लागला तर पायाची बाहेरची कड बधिर होऊ शकते. आता एक बारीक तार हाडाच्या पोकळीत शिरत आहे; डॉक्टर पायाकडे कमी आणि सी-आर्मच्या, म्हणजे चालू एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्याकडे अधिक पाहत आहेत. हे हाड किंचित वाकलेले असते आणि स्क्रू सरळ असतो, ही सगळी अडचण आहे. स्क्रू प्रमाणाबाहेर लांब घेतला तर तो वाकलेल्या हाडाला सरळ करू पाहतो आणि मोडीच्या जागी फट पडते. आखूड घेतला तर त्याचे आटे मोडीच्या पलीकडे पोचत नाहीत आणि दोन तुकडे एकमेकांवर दाबले जात नाहीत. म्हणून तारेवरून ड्रिल फिरवून पोकळी आतून चाचपली जाते, आटे पाडले जातात, आणि पोकळीत घट्ट बसेल एवढ्याच जाडीचा स्क्रू निवडला जातो. या उंचीच्या खेळाडूला साडेपाच मिलिमीटरचा लागला. पडद्यावर ती केसाएवढी रेषा मिटताना दिसते आहे. टाके घालेपर्यंत तासही झाला नाही.

[दृश्य: घर. खिडकीत कुलर, उशीवर ठेवलेला पाय, स्टीलच्या पातेल्यात पाया सूप.]

पहिले दोन आठवडे पाय टेकवायचा नव्हता. नातेवाइकांनी आणलेल्या पाया सुपाला डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, मात्र ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घेतली, आणि उन्हाच्या या प्रदेशातही ते कमी निघाले.

[दृश्य: मोबाइलवर पहाटेचा एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेचा सामना. मुलांचा घोळका.]

मायकेल जॉर्डनचा पाय 1985 मध्ये मोडला, 64 सामने हुकले आणि परतल्यावर त्याने बोस्टनविरुद्ध एका सामन्यात 63 गुण केले, ही गोष्ट येथील प्रत्येक मुलाला पाठ आहे. केविन ड्युरंटची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही, आणि या तरुणाची मोड तर ड्युरंटच्याच जातीची आहे. त्याच्यावर 16 ऑक्टोबर 2014 रोजी असाच स्क्रू बसवला गेला आणि 2 डिसेंबरला, म्हणजे 47 दिवसांनी, तो मैदानात उतरला. फेब्रुवारीत स्क्रूच्या माथ्याचा त्रास कमी करण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, आणि मार्चअखेर हाडाचे कलम घालण्यासाठी तिसरी. आदल्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू त्या हंगामात 82 पैकी 27 सामने खेळू शकला. पुढच्या हंगामात तो 72 सामने खेळला, हेही सांगायला हवे. याओ मिंगच्या घोट्यापुढचे नेव्हिक्युलर हे हाड 2008 मध्ये मोडले, 2009 मध्ये त्याच पायात पुन्हा चीर गेली आणि 2011 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला. जोएल एम्बीडचे तेच हाड होते. त्याने दोन पूर्ण हंगाम बाहेर बसून काढले आणि 2023 मध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला.

[दृश्य: फिजिओथेरपीचा कक्ष. पायाच्या बोटांनी फरशीवरचा टॉवेल गोळा करणारा तरुण.]

आज शस्त्रक्रियेचा एकेचाळिसावा दिवस आहे. त्याचा पाय दुखत नाही, आणि डॉक्टरांना काळजी नेमकी त्याचीच वाटते, कारण स्क्रूने धरून ठेवलेले हाड जुळण्याच्या आधीच दुखायचे थांबू शकते. संघाबरोबरचा त्याचा करार एप्रिलअखेर संपला. नवा आलेला नाही.

[दृश्य: जळगाव. सीटी स्कॅनचा पडदा.]

वरच्या आणि आतल्या बाजूने नवे हाड भरून आले आहे. बाहेरच्या आणि खालच्या बाजूला, जेथे ताण सर्वाधिक पडतो, तेथे रेष अजून काळीच आहे. बूट आणखी दोन आठवडे राहील, मग पोहणे, मग सायकल, मग सरळ रेषेत धावणे; उडी सर्वांत शेवटी, आणि तीही पुढचा स्कॅन पाहून.

[दृश्य: संध्याकाळचे मैदान. तरुण खुर्चीवर बसून फ्री थ्रोच्या रेषेवरून चेंडू टाकतो, एक लहान मुलगा चेंडू परत आणून देतो. फाइलवर पेनने लिहिलेली पुढची तारीख. निवेदन नाही.]