‘मात्र’ इंग्रजीत कुठे बसतो?

‘फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न आपण सगळ्यांनी सोडवलाय. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे एक, उजवीकडे दुसरा, चार मुद्दे लिहिले की सुटलो! इंग्रजीत काँट्रास्ट एसे लिहायला बसलेले माझे बहुतेक विद्यार्थी ही रेघ मनात घेऊनच येतात. मग रेघ तेवढी पुसतात आणि उरलेलं सलग लिहून काढतात. व्याकरण ठीक असतं, स्पेलिंगही ठीक असतं, पण निबंध काही होत नाही.

काँट्रास्टच्या मुळाशी लॅटिनमधले दोन शब्द आहेत, एकाचा अर्थ ‘विरुद्ध’ आणि दुसऱ्याचा ‘उभं राहणं’. म्हणजे दोघांना समोरासमोर उभं करायचं. पण कशासाठी, हे लिहिणाऱ्याने आधी ठरवायला हवं ना? माझ्या एका विद्यार्थिनीने मधमाशी आणि गांधीलमाशी हा विषय घेतला होता. पहिल्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य होतं, ‘या दोघींमध्ये अनेक फरक आहेत.’ आता हे कोण नाकारणार? मी तिला वही मिटायला लावली आणि मराठीत विचारलं, ‘यातला कुठला फरक तुला खरा वाटतो?’ बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, ‘सर, मधमाशी साठवते. गांधीलमाशी शिकार करते.’

थीसिस स्टेटमेंट, थीसिस स्टेटमेंट म्हणतात ते हेच, अख्ख्या निबंधाचं म्हणणं एका वाक्यात. ते सापडलं की बाकीचे मुद्दे आपोआप चाळले जातात. तिच्या यादीत रंग होता, अंगावरचे केस होते, पोळं होतं, नांगी होती. रंग आम्ही खोडला. तो ओळखायला उपयोगी असेल, पण या वाक्याशी त्याचा संबंध नाही. केस ठेवले, कारण परागकण त्या केसांनाच चिकटतात, आणि गोळा करणारीला ते हवेतच. गांधीलमाशीचं अंग त्या मानाने तुळतुळीत, कारण ती पिल्लांना पराग नाही, चावून मऊ केलेले किडे भरवते. पोळ्याचंही तसंच. मधमाशी स्वतःच्या अंगातून स्रवणाऱ्या मेणाचं पोळं बांधते आणि त्यात मध भरून ठेवते. गांधीलमाशी लाकूड कुरतडते, लाळेत कालवते आणि कागदासारखं घर करते. नांगीवर आमचा थोडा वाद झाला. कामकरी मधमाशीची नांगी काटेरी असते, आपल्या कातडीत रुतून बसते आणि ती माशी मरते. गांधीलमाशीची त्या मानाने गुळगुळीत, ती पुन्हा डसू शकते. माहिती मजेदार, पण साठवण्याशी तिचा संबंध काय? विद्यार्थिनीचं म्हणणं असं की राखायला एवढा साठा असेल तर एखादा जीव गेलेला परवडतो. शास्त्रज्ञ हे कितपत मान्य करतील माहीत नाही, पण निबंध लिहिणारं डोकं असंच चालायला हवं. मी तो मुद्दा राहू दिला.

रचनेबद्दल फार बोलत नाही. आधी मधमाशीबद्दल सगळं आणि मग गांधीलमाशीबद्दल सगळं, ही झाली ब्लॉक पद्धत. एकेक मुद्दा घेऊन दोघींना त्यावर तोलायचं, ही पॉइंट बाय पॉइंट. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनातल्या दुसऱ्या प्रश्नाला किमान २५० शब्द हवेत आणि साधारण ४० मिनिटं द्या असं सांगतात. एवढ्या लांबीत मला दुसरी पद्धत बरी वाटते. पहिलीत वाचणारा उत्तरार्धात पोचेपर्यंत पूर्वार्ध विसरलेला असतो.

खरी मजा सांध्यांमध्ये आहे. ‘मधमाशी साठवते, तर गांधीलमाशी शिकार करते.’ या ‘तर’चं इंग्रजी आपली मुलं ‘देन’ असं करतात, कारण जर-तरचा ‘तर’ डोक्यात पक्का बसलेला असतो. इथे हवा ‘व्हेअरॲज’. दुसरी खोड ‘जरी-तरी’ची. मराठीत ही जोडी फोडली की वाक्य लंगडतं, म्हणून मुलं ‘ऑल्दो’ने सुरुवात करतात आणि मधे ‘बट’ घालतात. इंग्रजीला दोघांपैकी एकच पुरतो. ‘उलट’ आणि ‘याउलट’ यांतला फरक तर आपण सहज पाळतो. ‘तो आळशी नाही, उलट दिवसभर राबतो’ यात आधीची समजूत खोडली जाते, तिथे ‘ऑन द काँट्ररी’. ‘तो दिवसभर राबतो, याउलट भाऊ लोळत असतो’ यात काहीच खोडलेलं नाही, दोघं शेजारी उभे आहेत. तिथे ‘इन काँट्रास्ट’ किंवा ‘ऑन द अदर हँड’. हे कळण्यासाठी नियम पाठ करायची गरज नाही, आधी मराठीत म्हणून बघा.

राहता राहिला ‘हाऊएव्हर’. हा शब्द ‘बट’सारखा दोन वाक्यं जोडत नाही. नुसता स्वल्पविराम देऊन तो पुढे ढकलला की चूक धरतात. त्याच्या आधी पूर्णविराम हवा, नाहीतर अर्धविराम. आणि तो वाक्याच्या तोंडाशीच बसवला पाहिजे असंही नाही. आपण ‘गांधीलमाशी मात्र मध साठवत नाही’ म्हणतो तेव्हा ‘मात्र’ नेमका जिच्याकडे बोट दाखवायचं तिच्या मागोमाग येतो. ‘हाऊएव्हर’लाही तसंच कर्त्यामागे, दोन स्वल्पविरामांच्या मधे बसवता येतं.

त्या मुलीच्या निबंधात आठ ‘हाऊएव्हर’ होते आणि आठही वाक्यांच्या सुरुवातीला. आम्ही तो निबंध तोंडी मराठीत करत गेलो. जिथे तिच्या तोंडून ‘मात्र’ आलं तिथे शब्द ठेवला, कर्त्यामागे सरकवला. जिथे ‘तर’ आलं तिथे दोन वाक्यांचं एक केलं. जिथे काहीच आलं नाही, तिथला खोडून टाकला. शेवटी तीन उरले.