सातबाऱ्यावरचे ‘झुडपी जंगल’

पळस, बोर आणि हिवराची ही खुरटी झुडपे, त्यांच्यामधून उघडा पडलेला मुरूम आणि आखरावरून चरायला निघालेली ही गुरे पूर्व विदर्भातील गावागावांत दिसतात. अशा जमिनींची महसुली नोंद ‘झुडपी जंगल’ अशी आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत याच नोंदीच्या जमिनींवर पुढे घरे, शाळा, सरकारी कार्यालये आणि स्मशानभूमी उभ्या राहिल्या. त्या कायदेशीर ठरतात की नाही, हा प्रश्न अखेर या नोंदीच्या अर्थापाशी आला.

तलाठी दप्तरातील ही जुनी पाने नीट पाहण्यासारखी आहेत. १९५६ पूर्वी हे जिल्हे जुन्या मध्य प्रदेशात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मुंबई राज्यात आले, तेव्हा तिथली महसुली व्यवस्थाही त्यांच्यासोबत आली. मोठे वृक्ष न वाढणाऱ्या, हलक्या मातीच्या या जमिनी गावाच्या निस्तारासाठी, म्हणजे रोजच्या सामाईक गरजांसाठी, वापरल्या जात. गुरे कोठे चरतील, सरपण आणि मुरूम कोठून न्यायचा, याची तजवीज निस्तार पत्रकात असते आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ मध्ये हे पत्रक आजही विदर्भासाठी कायम आहे. दप्तरात जंगल म्हणून नोंदलेल्या जमिनीवर गावाचा असा लेखी हक्क होता, ही बाब या वादाच्या चर्चेत फार कमी वेळा पुढे येते.

वन संवर्धनाचा कायदा १९८० मध्ये आला. केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय वनजमीन अन्य कामासाठी वापरण्यास त्याने मनाई केली, मात्र ‘वन’ म्हणजे काय, हे सांगितले नाही. ती उणीव सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी वनसंरक्षणाविषयीच्या गोदावर्मन खटल्यात भरून काढली. वन या शब्दाचा शब्दकोशातील अर्थ घ्यावा आणि सरकारी दप्तरात जंगल म्हणून नोंदलेले क्षेत्रही, मालकी कोणाचीही असो, कायद्याच्या कक्षेत धरावे, असा तो आदेश होता. देशभरातील बेसुमार वृक्षतोडीला त्याने लगाम घातला, हे निर्विवाद आहे. परंतु नोंदीलाच निर्णायक मानल्यावर, जिथे कित्येक वर्षांपासून शाळा भरते, ती जमीनही वनच ठरू लागली.

सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने २२ मे २०२५ रोजी १९९६ च्या आदेशाला धरून झुडपी जंगल हे वनच असल्याचा निर्णय दिला. मात्र शब्दाचा अर्थ न बदलता न्यायालयाने वस्तीवरच्या माणसाचाही विचार केला, आणि आमच्या दृष्टीने या निकालाचे मोल तिथे आहे. १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींसाठी राज्याने जिल्हानिहाय एकत्रित प्रस्ताव करून केंद्राची मंजुरी घ्यावी, अशी मुभा अपवाद म्हणून देण्यात आली. हे प्रस्ताव तयार करताना प्रत्येक गावाचे निस्तार पत्रक उघडून पाहिले गेले पाहिजे.

१९९६ नंतरच्या वाटपाचे प्रस्ताव संबंधित अधिकाऱ्यांवर कारवाई झाल्याची खात्री पटल्यावरच केंद्र विचारात घेईल, आणि वनक्षेत्राला लागून नसलेले, वाटप न झालेले तीन हेक्टरपेक्षा लहान तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर करायचे आहेत.