प्लास्टरकडून फरशीकडे

कोल्हापूरजवळच्या पाचगावातल्या एका नव्या घराच्या बाथरूममध्ये गुडघे टेकून बसलेले हे मिस्त्री आयुष्यातली बावीस वर्षे गवंडी होते. नुकत्याच बसवलेल्या फरशीवर थापीच्या मुठीने हलकेच टकटक करून ते कान देतात. आवाज भरीव आला की पुढे सरकतात आणि पोकळ आला की फरशी तशीच ओली उचलून घेतात. प्लास्टरच्या कामात हात आणि डोळा पुरत असे, इथे कानही लागतो, असे ते म्हणतात.

धंदा बदलण्याचे पहिले कारण उजवा खांदा होता. बाहेरच्या भिंतीचे प्लास्टर परांचीवर उभे राहून करावे लागते, माल थापीने जोरात मारावा लागतो, पाट्याने ओढावा लागतो आणि वर रंधा फिरवावा लागतो. पंचेचाळिशीनंतर खांदा त्याचा हिशेब मागू लागला. दुसरे कारण पावसाचे होते. कोल्हापुरात जूनच्या मध्यापासून पाऊस लागला की बाहेरचे प्लास्टर थांबते, आणि ज्याचे पोट रोजच्या हजेरीवर नसून स्वतः घेतलेल्या कामावर आहे, त्याचे दोन-तीन महिने हातउसन्यावर जातात. फरशीचे काम मात्र स्लॅबखाली चालते. ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत भिजलेले प्लास्टर खरवडताना खचलेल्या फरश्याही काढाव्या लागल्या, आणि तेव्हाच या कामाला त्यांचा पहिल्यांदा हात लागला.

वायरिंगचाही विचार त्यांनी केला होता, परंतु विजेच्या कामाला शासनाचा परवाना लागतो आणि निव्वळ अनुभवावर त्यात उडी घेता येत नाही. फरशीला असा परवाना लागत नाही, म्हणून ती सोपी असेल, असा त्यांचा समज झाला. तो पहिल्याच कामात खोटा ठरला.

गवंड्याचा हात पाण्याला सरावलेला असतो. वीट भिजवायची, भिंत भिजवायची, प्लास्टर झाल्यावर आठवडाभर पाणी मारायचे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. भिंतीवरच्या साध्या सिरॅमिक टाइल्सना ही सवय मानवते, कारण त्या आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी पितात आणि न भिजवता लावल्या तर सिमेंटमधले पाणी ओढून घेतात. व्हिट्रीफाईड फरशी मात्र अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. ती भिजवली तर पाठीवर पाण्याचा थर तेवढा राहतो आणि सिमेंटच्या रबडीला धरायला काहीच मिळत नाही. मिस्त्रींनी पहिल्या कामात सगळ्या व्हिट्रीफाईड फरश्या हौदात बुडवून, जाड मालावर रबडी ओतून बसवल्या. सहा महिन्यांनी हॉलमध्ये चालताना पायाखाली डबा वाजावा तसा आवाज येऊ लागला. ठेकेदाराच्या हाताखाली असते तर शिव्या खाऊन सुटले असते; काम स्वतःचे असल्यामुळे माल आणि मजुरी दोन्ही खिशातून गेली.

त्यानंतर ते वयाने वीस वर्षांनी लहान असलेल्या एका फरशीवाल्याच्या हाताखाली चार महिने राबले. इतरांना हे फार मोठे वाटणार नाही, पण ज्याला गल्लीत सगळे मिस्त्री म्हणतात त्याने पोरसवदा कारागिराला घमेले भरून द्यायचे, हे पचायला जड जाते. फरशी चिकटवायचा केमिकलचा माल खाचांच्या थापीने ओढायचा आणि एका वेळी दोन-तीन फरश्या बसतील एवढाच पसरायचा, कारण साधारण 20 मिनिटांत त्यावर साय धरते आणि कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये त्याहूनही लवकर धरते, हे ते तिथे शिकले.

जुने ज्ञान वाया गेले नाही. खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसेल तर शेवटच्या ओळीत फरशीची पाचर कापावी लागते आणि ती दारातच डोळ्यांत खुपते, म्हणून ते आधी दोरी धरून चारही कोपरे तपासतात. बाथरूमचा उतार एका फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढा उतार आहे की नाही याची खात्री लेझरने होते, तरीही ते शेवटी बादलीभर पाणी ओततात आणि ते जाळीकडे कसे जाते हे बघत बसतात. आत्ताच ओतलेले पाणी डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढे थांबले, आणि आता ते जी फरशी उचलत आहेत, ती त्याच कोपऱ्यातली आहे.

सगळ्यात कठीण गेले ते दर सांगणे. प्लास्टर ब्रासवर मोजतात; दहा बाय दहा फुटांची भिंत म्हणजे एक ब्रास, आणि चूक झाली तर घमेलेभर मालात ती झाकता येते. दहा बाय दहाच्या खोलीला दोन बाय दोनच्या 25 फरश्या लागतात, पण दोन बाय चारची एकच फरशी कापताना तडकली तर मालकाचे आठ चौरस फूट जातात, आणि गुजरातमधल्या मोरबीहून आलेल्या त्या लॉटची छटा पुढच्या खेपेला जुळेलच असे नाही. त्यामुळे किती खोके जास्त आणायचे, तुटीचा खर्च कोणाचा आणि उचल किती, हे आता फरशी येण्याआधी वहीत लिहिले जाते.

बांधकाम कामगार मंडळातली त्यांची नोंदणी या बदलाने तुटली नाही, कारण गवंडीकाम आणि फरशीकाम ही दोन्ही बांधकामाचीच कामे आहेत. अडचण असते ती वर्षात 90 दिवस बांधकामाचे काम केल्याच्या दाखल्याची. आज या घरमालकाकडे आठ दिवस, उद्या दुसऱ्याकडे पाच दिवस, मग एका कागदावर सही करणार कोण?

खांदा आता बरा आहे, गुडघे दुखू लागले आहेत. ग्राइंडरची धूळ नाकात जाऊ नये म्हणून ते फरशी पाणी मारत कापतात, आणि ग्राइंडरच्या मोटरचा आर्मेचर जळला की कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेऊन त्यात नवी तार भरून आणतात.

दुपारी घरमालक येऊन विचारतो, "मिस्त्री, बाहेरच्या भितीचं प्लास्टर बी तुमीच करताय न्हवं?" मिस्त्री मान हलवून नाही म्हणतात आणि आपल्या जुन्या जोडीदाराचा नंबर देतात. या घराचे काम त्यांना मिळाले होते, ते त्याच जोडीदाराच्या सांगण्यावरून.